बीळ कुणाचं, वहिवाट कुणाची : तळजाईच्या टेकडीवरच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

भाचीचं म्हणणं असं, की मामा, रोज तळजाईला चालायला जाताच, तर हात हलवत परत कशाला येता? काहीतरी मोजून आणा. ती वन्यजीवांचा अभ्यास करते. मी भूमी अभिलेख खात्यात ३४ वर्षं लोकांच्या बांधांची मोजणी केली. निवृत्त झाल्यावर टेप माळ्यावर टाकला होता, तो आज खाली काढला.

विषय ठरला : टेकडीवर लहान सस्तन प्राणी राहतात कुठे. ससा, मुंगूस, उंदीर, घूस, जे सापडेल ते. पट्टा एकच घ्यायचा, दोन पायवाटांमधला उतार. पावलांनी साधारण चारशे बाय दीडशे. वरच्या अंगाला गवत आणि हेकळाची झुडपं, खालच्या अंगाला गिरीपुष्पाची लागवड.

वहीत रकाने आखले. हात सवयीनं सात-बाऱ्याकडेच वळला : क्रमांक, तोंडाची रुंदी, माती, खणणारा, राहणारा. भाची म्हणाली, शेवटचे दोन रकाने एकच आहेत की. म्हटलं, मालक आणि वहिवाटदार एकच असता तर आमच्या खात्याला कामच उरलं नसतं.

नियम तिचे. वनखात्याची जमीन आहे, तेव्हा काही खणायचं नाही, काही पकडायचं नाही, बिळात हात तर सोडाच, काठीही घालायची नाही. वाटेवरून दिसेल तेवढं बघायचं, जवळ जायचंच तर एकट्यानं आणि थोडा वेळ.

१२ नोव्हेंबर

पहिल्या फेरीत ४१ भोकं. घरी येऊन फुशारकी मारली. भाचीनं फोटो बघून १९ खोडली. काहींच्या तोंडाला आतून रेशमी अस्तर आहे, ती मोठ्या कोळ्यांची. ओढ्याच्या कडेची खेकड्यांची. उरलेली तर बिळंच नव्हेत, मेलेल्या झाडाची मुळी कुजून राहिलेली पोकळी. "डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणतात, तुम्ही तर खेकडे काढलेत," असं वर ऐकून घेतलं.

उरली २२. ती नकाशावर मांडली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती तिलाही सुचली नव्हती. २२ पैकी १५ बिळं जुन्या समपातळी चरांच्या बांधात आहेत. कारण उघड आहे. पुण्याच्या टेकड्या म्हणजे काळा कातळ, त्यावर मुरूम, आणि त्यावर कुठेकुठे वीतभर माती. खणणाऱ्याला मुरूम लागला की संपलं. पाणी अडवायला माणसांनी चर खोदले, निघालेली माती खालच्या बाजूला रचली, आणि टेकडीवरची सगळ्यात भुसभुशीत जागा तीच झाली. उरलेल्या सातांतली चार वारुळांच्या बुडाशी, तीन झाडांच्या मुळांत.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

बिळात कोण ये-जा करतं हे कळायला तोंडाशी पीठ भुरभुरायचं, ठसे उमटतात, असं कुठंतरी वाचलं होतं. संध्याकाळी पाच बिळांपुढे गव्हाचं पीठ टाकून आलो. सकाळी पाचही ठिकाणी मुंग्यांची रांग, आणि बिळ क्र. १४ पुढचं पीठ तर चाटूनपुसून साफ. म्हणजे ठसे घ्यायला गेलो आणि जेवण वाढून आलो. भाचीला सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

सांगावं लागलंच. ती म्हणाली, पीठ नको, रांगोळी नको, टेकडीचीच माती चाळून टाका. घरातली मैद्याची चाळणी नेली. (त्यावरून जे झालं ते या वहीत नको.)

हा उपाय मात्र जमला. बिळ क्र. ९ चा सहा दिवसांचा हिशेब लिहून ठेवतो, कारण बाकी सगळ्यांचा सारांश त्यात आला.

तोंड तीन इंच, चराच्या बांधात. पहिल्या सकाळी तोंडाबाहेर ताज्या मातीचा ढीग, बशीएवढा, आणि तोंड आतून मातीनं बुजवलेलं. हे शेतउंदराचं काम. घुशीचाच धाकटा भाऊबंद, पण स्वभावानं पक्का खणकर. माती बाहेर ढकलतो आणि आत गेल्यावर दार लावून घेतो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या सकाळी बूच फुटलेलं, चाळलेल्या मातीवर पाच बोटांचा ठसा, प्रत्येक बोटापुढे नखाचं टोक. मुंगूस. चौथ्या दिवशी मातीचा ढीग नाही, ठसा नाही, काहीच नाही. पाचव्या सकाळी बोटाएवढ्या जाडीची एक वळणावळणाची पट्टी आत गेलेली, आणि बाहेर आलेली नाही. मी तिथून चार पावलं मागे सरून ते लिहिलं. सहाव्या दिवशी तोंडावर दवानं भिजलेलं कोळ्याचं जाळं.

रकाना भरताना हसू आलं. खणणारा : शेतउंदीर. राहणारा : आयत्या बिळावर नागोबा. नाग काही खणत नाही, त्याला ते अंगच नाही. उंदराचं बीळ नाहीतर वारूळ, हीच त्याची घरं, आणि दोन्ही दुसऱ्यानं बांधलेली. लहानपणी आजोळी नागपंचमीला नांगर धरायचे नाहीत, कुदळ मारायचे नाहीत. पावसाळ्यात पाणी शिरून आतली सगळी वर आलेली असतात, तेव्हा तो एक दिवस तरी जमिनीला हात न लावण्यात शहाणपण होतंच.

३० नोव्हेंबर

नवीन काही नाही. मोर ओरडले. टेपवर गंज.

८ डिसेंबर

आज ससा पायाखालून उठला.

पायाखालून म्हणजे शब्दशः. वाटेपासून दहा पावलांवर, गुडघाभर वाळल्या कुसळीत, बिळ क्र. १७ कडे निघालो होतो. पुढचं पाऊल टाकणार तोच जमीनच उडाल्यासारखं झालं. तपकिरी काहीतरी, लांब कान, मानेवर काळा डाग, दोन उड्यांत उजवीकडे, तिसरीत डावीकडे, आणि गायब. भित्र्या माणसाला सशाच्या काळजाचा म्हणतात, पण धडधडलं ते माझं.

बीळ शोधायला खाली बसलो. बीळ नव्हतंच. होती ती गवतात दाबून बसलेली एक जागा. टेप लावला. लांबी १३ इंच, रुंदी ६. मागच्या टोकाला अडीच इंच खोल, पुढे जेमतेम एक. म्हणजे मागचं अंग टेकतं तिथे खळगा, पंजे ठेवायचे तिथे सपाट. पाठीशी हेकळाचं झुडूप, काटे बाहेरच्या बाजूला. तोंड उताराकडे, खाली अख्खी वाट दिसते. मी पाच मिनिटं ज्या वाटेनं आलो ती सगळी. त्यानं मला पहिल्यापासून पाहिलेलं होतं आणि तरी तो हलला नव्हता.

तळहात ठेवून पाहिलं. ऊब होती. दोन केस, टोकाला काळे, मधे भुरे. लेंडी एकही नाही. त्याच्या गोल चपट्या, गवताच्या भुशासारख्या लेंड्या वरच्या मोकळ्या चराईवर ढिगानं आहेत, इथे नाहीत. भाचीनं नंतर सांगितलं, दिवसभर बसल्या बसल्या तो मऊ लेंडी पडायच्या आधीच तोंडात घेऊन गिळतो, गवतात राहिलेला कस दुसऱ्या फेरीत काढून घेतो. रात्री चरताना टाकतो ती वाळकी, शेवटची.

म्हणजे महिनाभर मी बिळं मोजत होतो आणि ज्याच्या नावानं प्रकल्प सुरू केला तो प्राणी बिळात राहतच नाही.

९ डिसेंबर

इंग्रजीत या खळग्याला फॉर्म म्हणतात. मी वहीत 'बैठक' लिहितो. क्रमांक ब-१. खणणारा : ससा. पुढं लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. खणलं काय आहे त्यानं? चार वेळा पाय मारलेत आणि अंगाचं वजन टाकलंय.

२२ डिसेंबर

या सगळ्यात गोची आहे ती आपल्या भाषेची. पांढरा, लाल डोळ्यांचा, पिंजऱ्यात गाजर खाणारा तोही ससा, आणि टेकडीवरचा हाही ससा. म्हणून पोरांच्या चित्रांत ससा हटकून बिळातून डोकं काढतो. वास्तविक दोघांच्यात शेळी-मेंढीएवढं तरी अंतर असावं.

पाळीव सशाचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. तो रानात कळपानं राहतो, जमिनीखाली बोगद्यांचं जाळं खणतो, आणि पिल्लं आत घालतो. पिल्लं जन्मतः उघडी, आंधळी, डोळे उघडायला दहाएक दिवस. भारतातल्या रानात तो नाहीच. आपला रानससा एकटा, उघड्यावर. पोटात दीड महिना वाढवून पिल्लू घालतो ते केसांसकट, डोळे उघडे, थोड्या वेळात पळू शकेल असं. घर नाही म्हणून पिल्लू तयार होऊन येतं, की पिल्लू तयार येतं म्हणून घराची गरज नाही, यावर भाचीशी तासभर वाद झाला. निकाल लागला नाही.

पुरावा सोसायटीतच मिळाला. बी विंगमधल्या मुलांनी दोन पांढरे ससे आणलेत. महिनाभर पिंजऱ्यात होते, मग बागेत सोडायला लागले. परवा रात्री पिंजरा उघडा राहिला. सकाळी कंपाउंडच्या भिंतीलगत, जास्वंदीखाली, हात कोपरापर्यंत जाईल असा बोगदा. (इथे वनखात्याचा नियम लागू नाही म्हणून हात घातला.) आत टोकाला वाळकं गवत आणि पांढऱ्या केसांचा कापूस. मादी पोटावरचे केस उपटून गादी करते. पिढ्यान् पिढ्या दुकानाच्या जाळीत जन्मलेली, माती कधी पाहिली नसेल, आणि एका रात्रीत बाळंतिणीची खोली बांधून मोकळी. सोसायटीच्या सभेत विषय निघाला की भिंतीचा पाया पोखरला जातोय. मी गप्प बसलो. मनातून कौतुक वाटत होतं.

एक गोष्ट मात्र पालकांना बजावून सांगितली : कंटाळा आला की हे ससे टेकडीवर सोडायचे नाहीत. १८५९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी दोन डझन ससे सोडले. पुढं त्यांना अडवायला त्या देशाला शेकडो मैलांची कुंपणं घालावी लागली. आपल्याकडे तसं होईल असं नाही. बहुधा कुत्री दुसऱ्या दिवशीच फाडतील. दोन्ही वाईटच.

५ जानेवारी २०२५

बैठका शोधायची नजर आता बसली. बिळ शोधताना जमिनीकडे बघायचं असतं. बैठक शोधताना 'आपण इथे पाठ टेकून बसलो तर काय दिसेल' असा विचार करायचा. आजपर्यंत ११. सगळ्या वरच्या अर्ध्या भागात, गवत आणि झुडूप जिथे एकमेकांना भेटतात त्या रेषेवर. एकाच सशाच्या तीन-चार असू शकतात. वारा बदलला की जागा बदलते.

खालच्या गिरीपुष्पात शून्य. दोनदा पालथं घातलं. मूळ मेक्सिकोकडचं हे झाड सगळ्या टेकडीभर लावलं, आणि लावणाऱ्यांत मीही होतो. १९८७ च्या पावसाळ्यात दर रविवारी श्रमदान. जोमानं वाढलं. पण त्याच्या दाट सावलीत गवत उगवत नाही, खाली नुसता पाचोळा. सशानं बसायचं कशात? या झाडाचं मराठी नाव उंदीरमारी. तेव्हा त्या नावाची गंमत वाटली होती.

१९ ते २६ जानेवारी, सिंहगड पायथा

डोणज्याजवळ मित्राची शेती आहे. खाजगी जमीन, त्याची परवानगी, म्हणून भाचीचा कॅमेरा तिथे लावला. उष्णता हलली की आपोआप फोटो काढतो. शेताच्या वरच्या कडेला दगडांच्या कपारीत एक मोठं बीळ आहे, तोंड फूटभर रुंद.

आधी गडावर जाऊन आलो. पिठलं-भाकरी हे कारण नव्हतं, पण खाल्लं. कारण होतं कोंढाणा उंदीर. मऊ केसांचा, झाडाझुडपांत बिळं करून राहणारा, रात्री हिंडणारा हा उंदीर शास्त्राला माहीत झाला तो याच गडावरून, १९७५ साली. मिश्रा आणि धांडा या दोघा संशोधकांनी त्याचं वर्णन केलं, आणि शास्त्रीय नावातच 'कोंढाणा' घातलं. जगात धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. वाघाला अभयारण्य लागतं, याला गडमाथ्यावरची थोडी झुडपं आणि माती पुरते, आणि नेमकी तीच जागा शनिवार-रविवारी हजारो माणसांच्या पायाखाली असते. कांदाभजीच्या कागदाचा बोळा झुडपात टाकणाऱ्या एका गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. "उंदीर?" एवढंच म्हणाले.

आता कपारीकडे. शेतावर काम करणारे तात्या म्हणाले, साळिंदर आहे, रताळी राहू देत नाही, जवळ जाऊ नका, बाण मारतं. बाण ते मारत नाही. पाठ करून उलटं चालून येतं आणि काटे रुतवतं. सैल काटे रुतून राहतात म्हणून मारल्यासारखे वाटतात. तात्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, ती पटल्याची नव्हती.

तोंडाशी दोन काटे पडलेले, आणि एक हाड. बैलाच्या पायाचं असावं. त्याच्या दोन्ही कडांवर रंध्यानं तासल्यासारखे समांतर चर. साळिंदर उंदराच्या कुळातलं, पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला आणि अंगाला चुना मिळावा म्हणून हाडं वेचून घरी आणतं. दाराशी हाड दिसलं की आत साळिंदर, ही तात्यांची खूण पुस्तकातल्यापेक्षा सोपी.

एका आठवड्याचे ६११ फोटो. त्यातले पावणेसहाशे गवताच्या एका पात्याचे, उन्हात तापून वाऱ्यानं हलणाऱ्या. ते पातं मी स्वतः कापायला हवं होतं. उरलेल्यांत : रात्री पावणेनऊच्या सुमाराला दोन साळिंदरं पाठोपाठ बाहेर. जोडीनंच राहतात. अडीचला जवादी मांजर, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, तोंडाशी हुंगून अर्धं शरीर आत घातलं आणि बाहेर आलं. पाचला जोडी परत. सकाळी सव्वासातला, मालक आत झोपलेले असताना, दारात उन्हाला बसलेलं मुंगूस.

भाची म्हणाली यात नवल नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात साळिंदराच्या बिळात अजगर राहतात, वटवाघळंही, मालक असतानाच. रकान्यात लिहिलं, खणणारा : साळिंदर. राहणारा : साळिंदर. इतर हक्क : बरेच.

९ फेब्रुवारी, सुपे

बारामती तालुक्यातलं माळरान. मयूरेश्वर अभयारण्य इथलंच, १९९७ चं, जेमतेम पाच चौरस किलोमीटर. चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध. आम्ही बाहेरच्या माळावर, मेंढ्या घेऊन निघालेल्या एका धनगर आजोबांबरोबर.

खोकडाची, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याची, बिळं त्यांनी लांबूनच काठीनं दाखवली. किंचित उंचवट्यावर, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. दुर्बिणीतून सात तोंडं मोजली, सगळी आतून जोडलेली असणार. पिल्लांचे दिवस, म्हणून जवळ गेलो नाही. माणूस घुटमळला तर खोकड पिल्लं तोंडात धरून रातोरात बिऱ्हाड हलवतं. आजूबाजूला लहान भोकांची चाळण झालेली, ती झुपकेदार शेपटीच्या जर्बिल उंदरांची. उड्या मारत पळतात. त्यांच्याही घराला चार-पाच दारं, शिवाय एखादं वरून पातळ मातीनं झाकलेलं, आणीबाणीत डोक्यानं फोडायचं. खोकड पुष्कळदा यांचंच बीळ रुंद करून घेतं. उंदीर खाल्ला आणि घरही घेतलं.

आजोबांना विचारलं, ससा कुठे राहतो?

"ससा बसतो," ते म्हणाले. "ऱ्हात न्हाई."

ही सगळी जमीन आमच्या दप्तरात पोटखराब. पिकाला निरुपयोगी, आकार, म्हणजे सारा, शून्य. मी स्वतः किती गटांवर हा शेरा मारला असेल, मोजदाद नाही. त्या शेऱ्याच्या आत सात दारांचं घर होतं, हे टिपणात दाखवायची सोयच नव्हती.

२ मार्च

घरचं. आमच्या एसीच्या बाहेरच्या खोक्यामागे खारीचं घरटं होतं. पिल्लं गेली, मेकॅनिक यायचा होता, म्हणून रिकामं घरटं उतरवून वर्तमानपत्रावर उसवलं. उशीचा कापूस, काथ्या, सुतळीचे सात तुकडे, झेंडूच्या हाराचा दोरा सुकल्या पाकळ्यांसकट, पायपुसण्याचा निळा धागा, ज्याबद्दल मी कामाच्या बाईंना बोललो होतो. (माफी मागितली.) मधोमध मुठीएवढी पोकळी, तिथला कापूस इतका बारीक पिंजलेला की पिंजाऱ्यानं हात जोडावेत.

शेकरूचं घरटं याचंच थोरलं रूप, भीमाशंकरला पाहिलंय. उंच झाडांच्या शेंड्याला, दोन झाडांच्या फांद्या भिडतात तिथे, काटक्या-पानांचा मोठा गोळा. एकाच शेकरूची अशी अनेक. एक पिल्लांचं, बाकी झोपायची.

१६ मार्च

पट्ट्यात खड्डे.

वरच्या गवताळ भागात, ओळीनं, दीड फूट बाय दीड फूट, चुन्याच्या फक्कीनं क्रमांक टाकलेले. एकूण ६४. पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाची तयारी. ब-२, ब-५ आणि ब-८ गेल्या. ब-५ च्या जागी नेमका खड्डा क्र. २२. इतरत्र वावर वाढल्यानं गवत तुडवलेलं.

मोहिमेचा म्होरक्या तिथेच भेटला. चांगला मुलगा आहे, शनिवार-रविवारची झोप मोडून येतो. त्याला वही दाखवली. त्यानं मनापासून बघितली आणि म्हणाला, "पण काका, इथे तर काहीच नव्हतं. नुसतं गवत."

मला राग यायला हवा होता. १९८७ च्या माझ्या कुदळीची आठवण झाली, तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो. त्याला एवढंच विचारलं की बिळं दिसली असती तर सोडली असतीस का? म्हणाला, अर्थात. तोच तर घोळ आहे. खणणाऱ्याची जागा दिसते. बसणाऱ्याची दिसत नाही.

१३ एप्रिल

सकाळच्या हास्यक्लबातल्या एका आजींनी टोपीत सशाचं पिल्लू आणलं. मुठीत मावेल एवढं, डोळे टक्क उघडे, कान पाठीवर चिकटवलेले, अजिबात हालचाल नाही. "आई टाकून गेली हो, एकटंच होतं." त्यांना शेंगदाणे आणि दूध द्यायचं होतं.

भाचीला फोन. ती म्हणाली, जिथून उचललं तिथेच ठेवा, आत्ताच्या आत्ता. आई टाकून गेलेली नसते, ती मुद्दाम लांब असते. जवळ राहिली तर तिच्या वासानं कुत्रं, मुंगूस येतील. अंधार पडला की थोडा वेळ येते, पाजते, जाते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लाला टाकत नाही.

आजींना पटायला वेळ लागला. आई असून दिवसभर येत नाही, हे त्यांना मान्यच होईना. शेवटी आम्ही दोघं जाऊन घाणेरीच्या जाळीच्या कडेला, त्यांनी दाखवलेल्या जागी, ते ठेवून आलो. ठेवलं आणि दोन पावलांवरून वळून पाहिलं तर दिसेना. तिथेच होतं. वाळलेलं पान आणि ते, फरक करता येईना. आजी म्हणाल्या, "मग मला कसं दिसलं सकाळी?" मी म्हटलं, तुम्ही फुलं तोडायला जाळीत शिरला असाल. त्या काही बोलल्या नाहीत.

१४ एप्रिल

जागा रिकामी. रक्त नाही, केस नाहीत. चांगलं लक्षण.

११ मे

खड्डा क्र. ३१. वरची कड ढासळून अर्धा भरलाय, आत वाऱ्यानं वाळलं गवत येऊन साठलंय. वाकून बघायला गेलो आणि ८ डिसेंबरचीच पुनरावृत्ती झाली. जमीन उडाली, दोन उड्या उजवीकडे.

आत १२ इंच बाय ६ चा खळगा. कड ढासळल्यामुळे उतार तयार झालाय, तोंड खाली वाटेकडे, पाठीला निघालेल्या मातीचा ढीग. हेकळाचं काम ढिगानं केलंय.

वहीत लिहिलं, ब-१२. खणणारा : वृक्षारोपण मोहीम. राहणारा : ससा. आयत्या खड्ड्यावर ससोबा. भाचीला फोटो पाठवला, ती म्हणाली खड्ड्याचा काय फोटो पाठवता, ससा कुठाय.

म्होरक्याला फोन केला. तो खूश झाला. क्र. ३१ सोडतो म्हणाला, तिथे पाटीही लावू, 'सशाचे घर'. म्हटलं बाबा, पाटी नको, पाटी लागली की माणसं बघायला येतील आणि तो जाईल. आणि सोडायचंच असेल तर एक खड्डा सोडून उपयोग नाही, आजूबाजूचं गवत सोड. वरची एक ओळ खड्ड्यांशिवाय राहिली तरी पुष्कळ. विचारून सांगतो म्हणाला.

२८ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. तीन दिवस जाता आलं नाही. आज गेलो तर ६४ खड्डे काठोकाठ, क्र. ३१ मध्ये बेडूक. बिळ क्र. ९ चा बांध वाहून गेलाय.

म्होरक्याचा निरोप आला होता. वरच्या दोन ओळी, म्हणजे १४ खड्डे, बुजवतायत. झाडं खालच्या अंगाला, गिरीपुष्प विरळ करून, त्यात देशी लावणार. परवानगीचं पत्र टाकलंय.

ब-१ पाशी जाऊन आलो. हेकळाला पालवी. खळग्यात पाणी नव्हतं, मागच्या बाजूनं निथळून गेलेलं. तळाशी हिरव्या गवताचे कोंब, त्यातले पुढच्या बाजूचे दोन वरून तिरपे कापलेले, सुरीनं कापावेत तसे.